कुड्यांतले खडे आणि बिलातलं वजन

प्रश्न : मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. तिला आजीसारख्या सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या हव्यात. खऱ्या हिऱ्यांचा आकडा ऐकून आम्ही दुकानातून उठलो. एका सराफानं अमेरिकन डायमंड दाखवले, दुसरा मॉयसनाइट घ्या म्हणतो. काय घ्यावं? आणि विहीणबाईंनी ओळखलं तर?
– एक आई, खानापूर

उत्तर : विहीणबाईंचं आधी सांगते. बेळगावच्या शहापुरात सासऱ्यांच्या पेढीवर मी तीस वर्षं बसले. हातभर अंतरावरून कानातला खडा मलाही ओळखता येत नाही. भिंग घेऊन कानाशी आल्याच, तर त्यांच्या हातावर कुंदा ठेवा!

अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, हिऱ्यासारखा दिसणारा कारखान्यातला खडा. मॉयसनाइट हाही तसाच, पण वेगळ्या पदार्थाचा. अमेरिकन डायमंडचं नाव अमेरिकन, पण त्याचे मोठे स्फटिक बनवायची रीत १९७०च्या दशकात मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी बसवली. ओरखड्याला खडा किती टिकतो हे सांगणाऱ्या मोहस मापावर हिऱ्याचं काठिण्य १०, मॉयसनाइटचं सव्वानऊ, अमेरिकन डायमंडचं ८ ते साडेआठ. अंगठी दिवसभर ओट्यावर, बादलीला आपटते, तिथं अमेरिकन डायमंडच्या कडा लवकर झिजतात. कानाला कोण आपटतंय? कुड्यांना अमेरिकन डायमंड पुरे. अंगठी असती तर मॉयसनाइट म्हटलं असतं.

त्या मॉयसनाइटनं मला एकदा चांगलंच गंडवलं होतं. भर दुपारी एक बाई अंगठी मोडायला आली. "हिरा हाय की मावशी, बघा तर." टेस्टरचं टोक टेकवलं, तो हिरा म्हणून वाजला, आणि मी भाव बोलून बसले. सासऱ्यांनी भिंग मागितलं, खडा जरा तिरका धरला आणि म्हणाले, "मागच्या कडा बघ गं." एकेक कड दोन-दोन दिसत होती. साधा टेस्टर खड्यातून उष्णता किती झटकन जाते एवढंच बघतो, आणि त्यात मॉयसनाइट हिऱ्याच्या पंक्तीला बसतो. हिऱ्यात मात्र कडा अशा दुहेरी दिसत नाहीत. बोललेला भाव मागं घेताना माझा चेहरा काय झाला असेल!

लॅबमधला हिरा कुणी दाखवला तर तो नकली नव्हे, कार्बनचाच आहे. सुरतेत भरपूर बनतो. पण त्याचे भाव उतरत गेलेत, मोडीची आशा धरून घेऊ नका.

आता खरी गोम. अमेरिकन डायमंड त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त जड असतो. तीन मिलिमीटरचे चौदा खडे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतात. सराफानं खड्यांसकट वजन करून सोन्याचा भाव लावला, तर त्या अर्ध्या ग्रॅमचेही तुम्ही सोन्याचे पैसे मोजणार, आणि मोड करताना तोच सराफ खडे उपटून बाजूला ठेवणार. बिलावर निव्वळ सोनं वेगळं, खडे वेगळे, मजुरी वेगळी लिहून घ्या. ९१६चा (२२ कॅरट सोन्याचा) शिक्का आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क नंबर, बघाच, पण तो सोन्यापुरता. खड्याचं तो काही सांगत नाही.

कारागिराला कोंदण मागून उघडं ठेवायला सांगा. खोबरेल तेल आणि साबण मागं साठला की कुठलाही खडा मेल्यासारखा दिसतो. उघड्या कोंदणात कोमट पाणी आणि जुना मऊ ब्रश आत पोचतो.