पेन्सिल्व्हेनियात ट्राउटच्या ओपनिंग डेला छोट्या बोटीतून गरवायला जायचं तर काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की एक्स्टनला नुकतेच राहायला आलात, 12 फुटी ॲल्युमिनियमची वल्ह्याची बोट सेकंडहँड घेतलीय, 10 वर्षांच्या मुलीला घेऊन जायचंय, आणि आमिष कोणतं लावावं? आमिषाचं सांगतोच, पण आधी लाइफ जॅकेट.

इथला ओपनिंग डे म्हणजे ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम सुरू होतो तो दिवस, एप्रिलचा पहिला शनिवार. ऊन छान पडलेलं असतं, लोक टी-शर्टवर असतात, आणि पाणी मात्र 10 अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. म्हणूनच 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल या काळात 16 फुटांपेक्षा लहान बोटीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगावर घालायचं असा इथला कायदा आहे. सीटखाली ठेवलेलं चालत नाही. मुलीला तर ते वर्षभर सक्तीचं, कारण 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना 20 फुटांपर्यंतच्या बोटीत ते घालावंच लागतं. हवेने फुगणारी जॅकेटं 16 वर्षांखालच्यांसाठी नसतात, तेव्हा तिच्यासाठी साधं फोमचंच घ्या आणि दुकानातच खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे.

"मला पोहता येतं" यावर जाऊ नका. इतक्या गार पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर माणूस नुसता धापा टाकतो, आणि त्यात तोंड पाण्याखाली असलं की संपलं. पुढच्या साधारण 10 मिनिटांत हाताची बोटं कामातून जातात, बोटीची कड धरता येत नाही. छोट्या बोटीतून माणूस पडतो तो बहुतेक मासा जाळीत घेताना, दोघंही एकाच बाजूला झुकल्यावर. म्हणून आधीच ठरवून टाका: मासा आला की जाळी तुम्ही धरणार आणि मुलगी आपल्या जागी बसून राहणार. उभं कुणीच राहायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुम्हाला फिशिंग लायसन्स आणि त्यावर वेगळं ट्राउट परमिट लागेल, मुलीला 16 पूर्ण होईपर्यंत काही नको. बोट नुसती वल्ह्यांची असली तरी स्टेट पार्कात उतरवायला लाँच परमिट लागतं, आणि इलेक्ट्रिक मोटर लावलीत की रजिस्ट्रेशन. खिशात एक शिट्टी ठेवा, तीही नियमातच आहे. बिअर घरी ठेवा, स्टेट पार्कांत दारूला बंदी आहे.

तुमच्याकडून सोयीचा तलाव म्हणजे फ्रेंच क्रीक स्टेट पार्कातला स्कॉट्स रन. जेमतेम 22 एकरांचा आहे, मोटर चालते ती फक्त इलेक्ट्रिक, आणि पाणी ट्राउटला मानवणारं. त्याच पार्कातला होपवेल तलाव मोठा आहे, पण तो बास वगैरे माशांचा. ओपनिंग डेला स्कॉट्स रनवर अक्षरशः जत्रा असते. सकाळी 8 च्या आधी पाण्यात गळ टाकायचा नाही, त्यामुळे माणसं पहाटेपासून जागा धरून घड्याळाकडे बघत बसतात आणि 8 वाजता सगळीकडून एकदम लाइनी, म्हणजे गळाच्या दोऱ्या, सुटतात. तुमचा फायदा एवढाच की काठावरच्या गर्दीत शिरावं लागत नाही. पण म्हणून तलावाच्या मध्यावर जाऊ नका. हे मासे हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवून तलावात सोडलेले असतात, आणि एप्रिलच्या गार पाण्यात त्यांना खोल जायचं कारणच नसतं. जिथे सोडले त्याच्या आसपास आणि काठालगतच ते घोळक्याने फिरतात. काठावरच्यांच्या लाइनी जिथवर पोचतात त्याच्या जरा बाहेर थांबा. त्यांच्या लाइनींवरून बोट नेलीत तर शिव्या खाल, आणि त्या रास्तच असतील.

थांबताना दोन नांगर टाका, एक नाळेकडून (पुढच्या टोकाकडून), एक मागून. एकाच नांगरावर बोट वाऱ्याने गोल फिरते, लाइन सैल पडते आणि मासा चाटून गेला तरी कळत नाही. फक्त मागच्या बाजूने मात्र कधीच नांगर टाकू नका, मागची कड बुटकी असते आणि लाट आत येते.

आता आमिष. मोठाली लुअर (खोटी आमिषं) विकत घेऊ नका. 4 पौंडांचा ताण सोसणारी लाइन, तिच्यात मोकळं सरकणारं छोटं शिसं, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्यापुढे दीड-दोन फुटांचा लीडर (गळापर्यंतचा दोरीचा तुकडा) आणि बारीक गळ. गळावर पॉवरबेटची (तयार मिळणाऱ्या पिठासारख्या आमिषाची) वाटाण्याएवढी गोळी, गळ पूर्ण झाकला जाईल अशी वळलेली. शिसं तळाला बसतं आणि गोळी तरंगत वर उठते, माशाच्या तोंडासमोर. बोटीच्या कडेला पाण्यात सोडून आधी बघून घ्या: गोळी पाण्यात बुडाली तर गळ जड आहे किंवा गोळी लहान. रॉडचं टोक दोनदा हलकं थरथरतं तेव्हा काही करायचं नाही. मुलं इथेच हिसका मारतात. टोक वाकून खाली जायला लागलं की मग उचलायचं, आणि रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा ब्रेक) सैल ठेवायचा, कारण ट्राउट बोट दिसली की शेवटची एक धाव घेतोच. कंटाळा आला तर छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) काठाला समांतर ओढून बघा. गांडूळही चालतं, मला स्वतःला तेच आवडतं.

एखादा पिवळाधमक मासा दिसला तर मुलगी वेडी होईल. तो गोल्डन रेनबो, ट्राउटचाच पिवळा प्रकार, मुद्दाम सोडलेला. सगळा तलाव त्याच्या मागे लागतो आणि तो कुणालाच दाद देत नाही. अर्धा तास त्यात घालवू नका.

माणशी दिवसाला 5 ट्राउट ठेवता येतात, 7 इंचांच्या वरचे. बर्फाचा डबा न्या आणि मासा लगेच साफ करा, ट्राउटचं मांस मऊ असतं, उन्हात टिकत नाही. खवले काढायची भानगड नाही. रवा लावून तव्यावर उत्तम होतो, पण मालवणी मसाला हात राखून, नाहीतर खाताना फक्त मसालाच लागतो.

शनिवारी वारा असेल तर बोट गाडीवरच राहू द्या आणि काठावरून गरवा. एप्रिल-मेमध्ये बऱ्याच तलावांत पुन्हा मासे सोडतात, तारखा फिशबोटपीए ॲपवर मिळतात, आणि त्या आठवड्यात मधल्या वारी गेलात तर तलाव बराचसा मोकळा असतो.