अपघात शहरात जास्त, मग मृत्यूदर ग्रामीण भागात जास्त कसा?

प्रश्न : शहरात वाहनांची गर्दी, रोज कुठे ना कुठे ठोकाठोकी. तरी अपघाती मृत्यूंचा दर ग्रामीण रस्त्यांवर जास्त असतो, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, पण दर कशामागे काढला आहे ते आधी पाहा. अमेरिकेत २०२१ साली ग्रामीण लोकसंख्या सुमारे २० टक्के, ग्रामीण रस्त्यांवरची वाहतूक ३२ टक्के आणि तिथले मृत्यू ४० टक्के होते. लोकसंख्येमागे दर काढला तर ग्रामीण आकडा शहरी आकड्याच्या अडीच पटींहून जास्त येतो. धावलेल्या किलोमीटरमागे काढला तर जेमतेम दीडपट. आमच्या मते दुसरा हिशेब जास्त प्रामाणिक, कारण गावाकडे अंतरेच लांब असतात.

उरलेल्या फरकाचे मोठे कारण वेग. शहरात ठोकर बहुधा कमी वेगात बसते. पत्रा चेपतो, माणूस वाचतो. ताशी ५० ऐवजी ९० वेग असला की धडकेतली ऊर्जा सव्वातीन पटींच्या आसपास जाते. त्यात रस्ता दुपदरी, दुभाजक नाही, कडेला झाडे. समोरासमोरची धडक तिथेच होते. स्वीडनने १९९८ पासून अशा रस्त्यांच्या मध्ये पोलादी तारांचा कठडा घालून तीन पदर केले. ओव्हरटेकचा पदर आलटून पालटून दोन्ही बाजूंना मिळतो. त्या रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले.

प्रश्न : रात्री अशा रस्त्यावर किती वेग ठेवावा?

उत्तर : डिपर लाइटमध्ये साधारण ४० ते ६० मीटर दिसते. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि भान यायला एक सेकंद धरला, तर ताशी ९० वर गाडी थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. डिपरवर असाल तर साठच्या आत राहा. ३७ मीटरमध्ये गाडी उभी राहते. ओल्या रस्त्यावर वेग साठहूनही कमी ठेवा.

प्रश्न : रुग्णवाहिका लांब असेल तर?

उत्तर : जोराचा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेतो, म्हणून वाट पाहू नका. फोनवर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. जखमेवर कापडाची घडी ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबून धरा. रक्त थांबले का हे बघायला घडी उचलू नका. भिजली तर वरून दुसरी ठेवा आणि दाब चालू ठेवा.