लोगो राहू दे, आधी प्रिंटची पाठ बघा

तुम्ही लिहिलंय की देवगडात पोर्ट्रेट काढता, लोगो झालाय, लोक कौतुकही करतात, पण छापील फोटो कुणी घेत नाही. "सॉफ्ट कॉपी धाडून दी, पिरिंट आमी मुंबयत काढू." म्हणून आता नव्या लोगोवर पैसे घालावेत का, असं विचारताय. नका घालू. हे दुखणं मी रत्नागिरीत बरीच वर्षं काढलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

कॅमेरा, लाइट, एडिटिंग सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका लॅबने. नाव घेत नाही, घाटावरची आहे, मोठी आहे. प्रिंट छान यायचे. पण प्रत्येक प्रिंटच्या मागे मशीनवरच त्यांचं नाव आणि फोन नंबर छापून यायचा. माझं नाव पुढे कोपऱ्यात, बारीक, फ्रेमच्या कडेखाली गेलेलं. गणपतीत आलेल्या एका चाकरमानी कुटुंबाचा ओटीवरचा मोठा ग्रुप मी काढून दिला होता. पुढच्या गणपतीत त्यांच्याकडे गेलो, तर माजघरात तोच फोटो, माझंच एडिटिंग, दुप्पट आकारात! आणि तो मी विकलेला नव्हता. त्यांनी मागचा नंबर फिरवला, लॅबने माझी फाइल काढली, लॅबच्या दरात छापून गिरगावात पोचती केली. त्या लोकांचा काय दोष? त्यांना वाटलं ते माझंच ऑफिस.

लॅबला विचारलं तर काउंटरवाला म्हणे मॅनेजरशी बोला, मॅनेजर म्हणे सिस्टिममध्ये तसंच सेट आहे, आणि शेवटी, "फोटो त्यांचा, त्यांनी मागितला, आम्ही दिला." मेलला उत्तर आजतागायत नाही. त्यातून ऑटो करेक्शन लावून आमच्या सावळ्या आज्यांना पिठात बुडवून काढल्यासारखं करायचे, ते वेगळंच.

संताप याचा की लॅबवाल्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो, आपण नव्हे. आपल्या धंद्यातल्या बहुतेकांना हे उलटं वाटतं. मी वकील नाही, पण आगाऊ रक्कम घेतानाच अर्ध्या पानावर सही घ्या: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे, ग्राहकाला घरगुती वापराची मुभा, पुढच्या प्रती आपल्याकडूनच. त्यांचा चेहरा तुमच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर त्याची ओळ वेगळी आणि सहीही वेगळी. मसुदा एकदा वकिलाला दाखवा.

लॅबला फाइल देताना मागितलेल्या आकारापुरतीच द्या. ८ बाय १२ इंच हवा असेल तर २४०० बाय ३६०० पिक्सेल, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) तेवढं पुरतं, आणि त्यातून कुणी भिंतभर छापायला गेला तर फोटोच सांगेल. फाइलचे रंग एसआरजीबीत (स्क्रीन आणि लॅब दोघांना चालणारी रंगांची नेहमीची पद्धत) ठेवा, "करेक्शन नको" असं ऑर्डरवर लिहा आणि पाठ कोरी मागा. कोरी देत नसतील तर लॅब बदला. पाठीवर तुमचं नाव, नंबर, गाव आणि फोटोचा क्रमांक. माझ्या मते ब्रँडिंग म्हणतात ते एवढंच. दहा वर्षांनी कुणाला आजोबांच्या फोटोची प्रत हवी झाली की फ्रेम उलटीच करतात.

धंद्याच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करणार असाल तर "कोकण" किंवा गावाचं नाव अधिक "फोटो" असं ठेवू नका. ठिकाण आणि धंदा सांगणाऱ्या शब्दांवर ट्रेडमार्कवाले आक्षेप काढतात. अर्जात धंद्याचा वर्ग द्यावा लागतो: फोटोग्राफीची सेवा वर्ग ४१ मध्ये, छापील फोटो वर्ग १६ मध्ये. एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गाला ४,५०० रुपये (भरण्याआधी संकेतस्थळावर बघा, मी भरले तेव्हाचं सांगतोय). नावापुढे टीएम (™, हे नाव आपलं असल्याचा दावा) लगेच लावता येतं. गोलातला आर (®, नोंदणी झाल्याची खूण) मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय लावू नका, कायद्याने त्याला मनाई आहे.

आता विक्री. मोबाइलवर फोटो दाखवलात की मोबाइलवरच मागणार. मी नमुन्याची १२ बाय १८ची फ्रेम गाडीत ठेवतो आणि चहा व्हायच्या आत भिंतीला लावून बघतो. गौरी-गणपतीत सगळे घरात असतात, पैसे काढणारा मुंबईकरही असतो. तेव्हाच ऑर्डर घ्या. परतीची गाडी पकडली की फोन उचलत नाहीत. नुसती सॉफ्ट कॉपी मी विकत नाही, प्रिंटसोबत छोटी फाइल देतो. हे काहींना हेकटपणा वाटेल, वाटू दे. तुमच्याकडे चालेलच असंही नाही.

फ्रेमवाल्याला काच आणि प्रिंटच्या मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) पाठ फुगते. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावा म्हणजे हवा खेळेल, आणि पावसाचा मारा लागणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका असं गिऱ्हाइकाला तोंडी सांगून बिलावरही लिहा. बुरशी आली की फोन तुम्हालाच येणार, लॅबला नाही.