तुमचे प्रश्न : माईंच्या हातचं कसं जपायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या सासूबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्याच माई, गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेल्या, नव्वदीच्या होत्या. लहानपणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेल्या, मग आयुष्यभर काही ना काही करतच राहिल्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, दारात चिरोडीची (रंगीत पुडीची) रांगोळी, तीपण ठिपके न काढता सरळ हाताने मोर, गौरींच्या मागचा पडदा दरवर्षी नवीन रंगवायच्या, आणि तीन वह्या आहेत ज्यात ओव्या, नक्षीचे नमुने, पदार्थ, दुधाचा हिशोब सगळं एकत्र. 1950 ला इथे युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सचं कॉलेज निघालं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, तिथे शिकायचं फार मनात होतं पण लग्न ठरलं आणि ते राहूनच गेलं. आता वर्षश्राद्धाला दीर स्मरणिका काढतायत, ते म्हणतात कॉलेजचं लिहू नका, उगाच आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कमीपणा येईल. आणि जाऊबाई म्हणतात मोठी गोधडी कापून सहाजणींत वाटून टाकू. मला दोन्ही पटत नाहीये, पण मी धाकटी, बोलू कशी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी गोधडीचं सांगते कारण ते लगेच थांबवायला हवं. कापू नका हो. गोधडीचा धावदोरा बहुतेक वेळा कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधे येतो, मधून कात्री लागली की प्रत्येक तुकड्याचा दोरा उसवायला लागतो आणि आतली जुनी लुगडी इतकी विरलेली असतात की सहाजणींच्या हातात शेवटी चिंध्याच राहतील. जाऊबाईंना हे असंच सांगा, कापडाचं कारण सांगितलं की त्यात धाकटी-मोठी येत नाही. बाकीच्या लहान गोधड्या वाटून घ्या आणि खुशाल वापरा, माईंनी त्या पांघरायलाच शिवल्या ना. मोठी मात्र एका घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, मांजरपाट आणून खळ निघेपर्यंत दोनतीनदा धुवा आणि त्यात गुंडाळा, घडी घालण्यापेक्षा गुंडाळी बरी, घडीच घालावी लागली तर दर तीनचार महिन्यांनी मोडून दुसरीकडून घाला नाहीतर त्याच रेषेवर कापड फाटतं. आणि खालच्या कप्प्यात नको. 2024 च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठे कुठे शिरलं होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं.

एक काम अजून करा. गोधडी उजेडात अंथरा आणि घरातल्या मोठ्या बायकांना भोवती बसवा. हा हिरवा काठ कोणाच्या लुगड्याचा, हा निळा तुकडा कोणाच्या शाळेच्या युनिफॉर्मचा, हे पांढरं कोणाचं धोतर, हात लावून विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. नुसतं "माई कशा होत्या?" विचारलं तर सगळे प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख एवढंच सांगतील, तुकड्यावर बोट ठेवून विचारलं की मात्र गोष्टी निघतात, कोणाच्या बारशाला शिवली, रात्री किती वाजेपर्यंत बसायच्या, मधेच कोण आजारी पडलं म्हणून ती महिनोन्महिने तशीच पडून राहिली.

आता स्मरणिका. माझं मत स्पष्ट आहे, फाइन आर्ट्सचं लिहाच. दिरांची काळजी समजते, वडिलांचं नाव खाली यावं असं कुठल्या मुलाला वाटेल? पण ते वाक्य काढलंत तर उरतात त्या कोणाच्याही माई. इच्छा माहीत असली की दरवर्षी नवा पडदा का, हे कळतं. जुना पडदा काही फाटलेला नसायचा, त्यांना चित्र काढायचं असायचं आणि घरात त्याला हक्काची जागा गौरींच्या मागे होती. काळही लिहा ना. आपल्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, म्हणून माईंच्या पिढीच्या कितीतरी बायका वह्या भरून लिहू शकल्या, 1914 ला स्त्री उद्योगालय निघालं, आणि 1950 ला तर घरापासून थोड्याच अंतरावर, फाइन आर्ट्सला, चित्रकार ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवायला लागले. त्या काळात सोळाव्या वर्षी लग्न ठरणं ही घरोघरची रीत होती, एकट्या आजोबांचा दोष थोडाच? असं मांडलं की कोणाला कमीपणा येत नाही. दिरांना लेख छापायच्या आधी वाचायला द्या, चारचौघांत वाद घालू नका, निवांत चहाच्या वेळी एकट्यांशी बोला. आणि त्यांनाच विचारा की माई तुम्हाला फाइन आर्ट्सच्या मेळ्याला न्यायच्या का, कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांची भिंतीवरची चित्रं बघायला कधी घेऊन गेल्या होत्या का. बडोद्यात चित्र काढणारी बाई तिथे उभी राहिली नाही असं मला तरी वाटत नाही. वहीतल्या नमुन्यांचे फोटो घेऊन मुलांना तिथे न्या, एखादी वेलबुट्टी जुळते का बघा.

स्मरणिकेत गोड गोड लेख दहा नकोत. प्रत्येकाने माईंनी केलेली एकच वस्तू घ्यायची, कशापासून केली, कोणासाठी केली, बिघडली तेव्हा त्यांनी काय केलं एवढंच लिहायचं. त्या रांगोळी काढताना कोणी बोललं तर चिडायच्या का? असेल तर तेही येऊ द्या, काम मनापासून करणारं माणूस चिडतंच.

वह्यांचं : लॅमिनेशन नको, फाटलेल्या पानाला सेलोटेप नको (काही वर्षांनी पिवळा डाग पडतो आणि पानही जातं), गंजक्या टाचण्या हलक्या हाताने काढा. खिडकीजवळ फ्लॅश न लावता प्रत्येक पानाचा फोटो काढा, दुधाच्या हिशोबाचंसुद्धा. व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला की त्याची क्वालिटी उतरते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि छापताना माईंची भाषा "सुधारू" नका, मधेमधे गुजराती असेल तर ते तसंच ठेवा, बडोद्याची बाई असंच लिहिणार.

प्रश्न : आजीच्या आवाजातली मंगळागौरीची गाणी एका जुन्या कॅसेटवर आहेत. टेप लावून बघू का?
– कारेलीबाग

उत्तर : आधी कॅसेटच्या छोट्या खिडकीतून आतली फीत बघा. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात लावू नका, डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे तशीच द्या. फीत स्वच्छ असेल तर कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही, मग एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. जुनी फीत दर वेळेला थोडी झिजते, अडकलीही तर निदान आवाज हाती असेल. फाइल दोन घरी ठेवा. गाण्यांच्या मधे आजी जे बोलली असेल, कोणाला हाक मारली, खोकली, ते काही कापू नका.

प्रश्न : आईच्या वहीत सगळीकडे "अंदाजाने" लिहिलंय, मोजमाप कुठेच नाही. अनारसे कसे जमणार?
– रावपुरा

उत्तर : आईबरोबर ज्यांनी अनारसे केलेत अशा कोणी मावशी, आत्या, काकू आहेत ना? त्यांना माहेरपणाला बोलवा, पीठ त्यांनाच करू दे. परात आधीच वजनकाट्यावर ठेवा, त्यांनी मुठीने तांदळाचं पीठ, गूळ घातलं की तुम्ही फक्त आकडे लिहीत जा, मधे थांबवू नका. पीठ मुरल्यावर थापताना आणि तळताना हाताचा व्हिडिओ घ्या, खसखस कुठल्या बाजूला, तुपात टाकताना ती वर की खाली, हे वहीत कोणी लिहीत नाही. दिवाळीपर्यंत थांबू नका, आत्याला वेळ असेल तेव्हाच करा.