हॅट्ट्रिक, टोपी आणि तीन त्रिक नऊ

दिग्रस तालुक्यातून एका वाचकानं विचारलंय: फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिकसाठी तीन गोल सलगच हवेत का? आणि शब्द लिहायचा 'हॅट्रिक' की 'हॅट्ट्रिक'?

सलग नकोत. एका खेळाडूनं एका सामन्यात तीन गोल केले की झालं. पेनल्टी चालते, जादा वेळ चालतो. बरोबरी सुटावी म्हणून शेवटी मारतात त्या पेनल्टी मात्र धरत नाहीत. १९६६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा पहिला गोल १८व्या मिनिटाला आणि दुसरा थेट १०१व्या. दरम्यान त्याच्याच संघाच्या पीटर्सनं आणि पश्चिम जर्मनीच्या वेबरनं एकेक गोल केला होता. १२०व्या मिनिटाला हर्स्टचा तिसरा झाला. जुन्या वळणाचे जर्मन म्हणतात, तिन्ही गोल एकाच अर्धात हवेत आणि मध्ये दुसऱ्या कुणाचा गोल नको. या मापानं हर्स्टही बाद आणि २०२२च्या अंतिम सामन्यातला फ्रान्सचा एम्बापेही. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोलांमध्ये मेस्सीचा गोल आहे. जे माप अंतिम सामन्यातल्या या दोन्ही पराक्रमांना बाद करतं, ते माप चुकीचं. मी ते मानत नाही.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पऱ्हाट्या उपटून झाल्या की गावोगाव सामने लागतात. तीन वेगळ्या पोरांनी एकेक गोल केला की माईकवाला ओरडतो, "आपल्या गावानं हॅट्ट्रिक मारली!" गाव हॅट्ट्रिक मारत नाही. हॅट्ट्रिक एकाच्याच नावावर लागते. १९३० सालच्या पहिल्याच विश्वचषकात अमेरिकेच्या बर्ट पॅटेनॉडनं पॅराग्वेविरुद्ध तीन गोल केले. त्यातला एक नक्की कुणाचा, यावर वाद राहिला आणि पहिल्या हॅट्ट्रिकचा मान दोन दिवसांनी तीन गोल करणाऱ्या अर्जेंटिनाच्या स्टाबिलेकडे गेला. फिफानं पॅटेनॉडचा हक्क मान्य केला तो २००६मध्ये. एका गोलाच्या नावापायी ७६ वर्षं!

आता टोपीकडे. १८५८ साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सन या क्रिकेटपटूनं तीन चेंडूंत तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढली आणि त्याला टोपी घेऊन दिली. ही 'हॅट' ती. क्रिकेटमध्ये चेंडू सलग लागतात, तिथूनच हा 'सलग'चा गैरसमज फुटबॉलात शिरला. काही पंडित हा शब्द जादूगाराच्या टोपीतून काढतात. त्यांनी विदर्भातलं एक लग्न बघावं. आपल्याकडे मानाच्या माणसाला टोपी-दुपट्टा देतात. पराक्रम केलेल्याच्या डोक्यावर टोपी घालणं शेफील्डच्या लोकांना सुचलं, यात जादू शोधायची गरजच काय? 'ट्रिक' म्हणजे इथे करामत. हॅटचा एक ट, ट्रिकचा एक, म्हणून 'हॅट्ट्रिक' असंच लिहा.

पण मराठीत ही टोपी का हरवली? माझं ठाम मत असं की ती पाढ्यांनी हरवली. बे त्रिक सहा, तीन त्रिक नऊ हे आपल्या जिभेवर शाळेपासून बसलेलं. 'ट्रिक' कानावर पडलं की आतून 'त्रिक' वाजतं. म्हणून आमदार तिसऱ्यांदा निवडून आला की हॅट्ट्रिक, सोयाबीन तिसऱ्या वर्षी बुडालं तरी हॅट्ट्रिक! इंग्रजीतही निवडणुकीची हॅट्ट्रिक असते, असं कुणी म्हणेल. असते. पण बुडालेल्या सोयाबीनला कुणी टोपी-दुपट्टा देत नाही. जिथे सत्कार शोभत नाही, तिथे हा शब्द वापरू नका.

आणि पोरांना उदाहरण द्यायचं तर नेव्हिल डिसूझाचं द्या. १९५६चं मेलबर्न ऑलिंपिक, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. डिसूझाचे तीन गोल, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅट्ट्रिक. चौथा गोल कृष्णस्वामीचा, आणि ४-२ हा विजय भारताचा.