वाचकांचे प्रश्न : उडो कीर यांची कारकीर्द आणि उघडपणाची किंमत

प्रश्न : जर्मन अभिनेते उडो कीर यांचे 23 नोव्हेंबर 2025 रोजी वयाच्या 81व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर वाचलेल्या लेखांचा सूर असा होता की, आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेही नाही. दोनशेहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत, हे पाहता ते पटते. पण ते खरोखर इतके सोपे होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कीर स्वतः असेच सांगत असत. आपल्याला याविषयी कोणी विचारलेच नाही, कदाचित ते दिसतच असल्यामुळे असेल, आणि काम चांगले झाले की बाकी कशाने फरक पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र त्यांना कोणत्या भूमिका मिळत गेल्या हे पाहिले, तर या सहजपणाची दुसरी बाजू लक्षात येते.

त्यांचा जन्म 1944 साली कोलोन येथे, ऐन बॉम्बवर्षावात झाला. ते वयात आले तेव्हा पश्चिम जर्मनीत पुरुषांमधील समलिंगी संबंध कलम 175 नुसार गुन्हा होता. हे कलम 1969 मध्ये शिथिल झाले. ते पूर्णपणे रद्द होण्यास मात्र 1994 साल उजाडावे लागले. अशा काळात त्यांनी आपले असणे झाकून ठेवले नाही, हे धैर्यच होते, जरी त्यांनी स्वतः तसा दावा कधी मिरवला नाही.

इंग्रजी शिकण्यासाठी ते लंडनला गेले आणि तेथे 1966 च्या सुमारास त्यांना चित्रपटात पहिले काम मिळाले. पुढे एका विमानप्रवासात शेजारच्या आसनावर अमेरिकन दिग्दर्शक पॉल मॉरिसी बसले होते. त्या ओळखीतून 1973 मध्ये फ्रँकेन्स्टाइनची आणि पाठोपाठ ड्रॅक्युलाची भूमिका त्यांच्याकडे आली. या दोन भूमिकांनी त्यांना जगभर ओळख दिली आणि त्याच भूमिकांनी त्यांना एका चौकटीत बसवले. फिकट डोळे, रेखीव चेहरा आणि जर्मन वळणाचे इंग्रजी असलेला हा माणूस पुढची अनेक दशके रक्तपिपासू, नाझी अधिकारी किंवा विक्षिप्त शास्त्रज्ञ म्हणूनच बोलावला गेला. ‘ब्लेड’सारख्या मोठ्या हॉलिवूडपटांतही त्यांच्या वाट्याला आली ती थोड्या वेळाची, लक्षात राहणारी आणि बहुधा भीतिदायक व्यक्तिरेखा. यामागे त्यांची लैंगिकता किती आणि चेहरा व उच्चार किती, हे वेगळे काढता येणार नाही. तरीही ज्याला नायकाच्या जागी बसवायचे नाही त्याला ‘विचित्र’ भूमिकांत मोकळीक द्यायची, ही व्यावसायिक चित्रपटसृष्टीची जुनी रीत आहे आणि कीर यांना मिळालेले स्वातंत्र्य बऱ्याच अंशी त्याच जातीचे होते, असे माझे मत आहे.

त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले ते स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकांनी. राइनर वेर्नर फासबिंडर यांची आणि त्यांची ओळख कोलोनमधील किशोरवयापासूनची. स्वतः समलिंगी असलेल्या फासबिंडर यांनी 1977 पासून त्यांना काही चित्रपटांत घेतले. डेन्मार्कचे लार्स फॉन ट्रिअर त्यांना 1987 पासून पुढे पाव शतकाहून अधिक काळ पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. गस व्हॅन सँट यांच्या 1991 मधील ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’ या चित्रपटात हातात दिवा घेऊन गाणारा त्यांचा हान्स ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरणे अवघड जाते, कारण हास्यास्पद वाटू शकेल अशा त्या प्रसंगात कीर त्या माणसाचे एकटेपण पूर्ण गांभीर्याने वठवतात.

आणि तरीही समलिंगी माणसाची खरीखुरी मध्यवर्ती भूमिका त्यांना मिळाली ती ‘स्वान साँग’मध्ये, 2021 साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर. दिग्दर्शक टॉड स्टीफन्स यांनी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील सँडस्की या आपल्या गावातल्या एका खऱ्या केशरचनाकारावरून हे पात्र घडवले. वृद्धाश्रमात दिवस काढणारा पॅट आपल्या एका जुन्या, श्रीमंत ग्राहक बाईंच्या पार्थिवाची केशरचना करण्यासाठी पायी गावाकडे निघतो. त्याचा जोडीदार एड्सने गेलेला आहे आणि त्याच्या ओळखीचे गावही आता उरलेले नाही. या भूमिकेसाठी त्यांना इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचे नामांकन मिळाले. हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र पाहताना हाही विचार मनात येतो की, चाळिशीतल्या कीर यांना अशी भूमिका कोणी का दिली नाही? उघडपणाची किंमत मला येथे दिसते.

प्रश्न : मी प्रायोगिक रंगभूमीवर काम करतो आणि समलिंगी आहे. जवळच्या मित्रांना ते ठाऊक आहे. चित्रपटात प्रयत्न करण्यापूर्वी हे जाहीरपणे सांगितले तर दारे बंद होतील काय? कीर यांच्या मार्गाने आपल्याकडे जाता येईल काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सहा सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कलम 377 खालील गुन्हेगारीचा शिक्का पुसला, परंतु भूमिकावाटप न्यायालय करत नाही. बाजाराची गणिते सांभाळणाऱ्या निर्मात्याकडून काही दारे बंद होतील, ही शक्यता मी आपल्यापासून लपवणार नाही. दुसरीकडे, रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी आलेल्या तरुणाची आणि तिथल्या त्याच्या मित्राची ही प्रेमकथा दिग्दर्शकाने आपल्या अनुभवाच्या आधाराने, मराठीतच सांगितली आहे. अशा कामासाठी आपला चेहरा आणि आपली बोली ही अडचण नसून गरज असते.

कीर यांच्याकडून घ्यावे ते हे की, त्यांनी आपले आयुष्य निवडक दिग्दर्शकांशी जोडले आणि त्या नात्यांनी त्यांना पन्नास वर्षे काम दिले. आपल्या पिढीत लघुपट करणारे, हाती फार पैसा नसलेले पण कथेविषयी ठाम असलेले कोण आहेत, ते शोधा आणि त्यांच्यासोबत काम करा. जाहीर सांगण्याचा निर्णय मात्र काम मिळवण्यासाठी घेऊ नका आणि कोणी घाई केली म्हणूनही घेऊ नका. घरची परिस्थिती, उत्पन्नाचा दुसरा आधार आणि पाठीशी उभी राहणारी माणसे यांचा विचार करून, आपल्याला योग्य वाटेल त्या वेळी तो घ्यावा.