आधी दोर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तळ्याकाठच्या लोकांचा राग आला, दुसऱ्यांदा थोडा तुझाही. 'मी उडी मारायला हवी होती का?' हे तू चार ठिकाणी चार तऱ्हांनी विचारलंस आणि बुडणारा मुलगा वाचला हे मात्र एकदाच, तेही कंसात. तो दोराला धरून काठाला लागला, आपल्या पायांनी घरी गेला. आता लोक म्हणतात, 'एवढी पट्टीची पोहणारी आणि काठावर उभी राहिली!' म्हणू देत. ते स्वतः त्या वेळी काय करत होते हे तू लिहिलेलं नाहीस, पण मी सांगतो. ओरडत होते.

आधी दोर. तू पोहायला लागलीस तेव्हापासून माझ्या तोंडून हेच ऐकते आहेस. नेमकं तेच केलंस आणि आता मलाच विचारतेस, चुकलं का म्हणून.

तुला खुपतंय ते वेगळंच असावं. दोर आणायला धावलीस तेव्हा तुझी पाण्याकडे पाठ होती. ती पाठ झोपू देत नाही, खरं ना? त्या घाबरण्याला कारण आहे. बुडणारा माणूस हात उंचावून हाका मारत नाही. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांची चित्रफीत काढून ती बारकाईनं पाहिली. तोंड निमिषभर पाण्यावर येतं, तेवढ्यात श्वास घ्यायचा की ओरडायचं? शरीर श्वास घेतं. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. माणूस उभ्याचा उभा, जागच्या जागी, बिनआवाज. २० ते ६० सेकंद, मग खाली. एवढ्या वेळात दोर शोधत बसता येत नाही, तो हाताशीच लागतो. तुला तीसेक पावलं पळावं लागलं. यात दोष असेल तर तो दोर टांगायच्या खुंटीच्या जागेचा आहे. आणि ती खुंटी मी ठोकलेली. तेव्हा पाणी तिच्या पायथ्याशी यायचं, हेही तितकंच खरं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी अर्धीच सांगत आलोय. मी तुझ्या वयाचा होतो. मित्र बुडत होता, काठापासून फार तर वीस हात लांब. मी उडी मारली. माझ्याइतकं चांगलं त्या काठावर कुणालाच पोहता येत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. जवळ पोचलो आणि त्यानं मला मिठी मारली. त्या मिठीत ओळख नसते गं. माझं डोकं त्याच्यासाठी पायरी होतं, बस्स. खांद्यावर हात, मग मानेवर, मग त्याचा गुडघा माझ्या छातीवर. मी खाली बुडी मारली तशी मिठी सुटली, कारण बुडणारा माणूस वरच राहू पाहतो, खाली जाणाऱ्याला तो सोडतो. मी वर आलो. तो आला नाही.

सगळ्यांना सांगितलं, 'हात निसटला.' निसटला नव्हता, मी सोडवला होता. सोडवला नसता तर दोघं गेलो असतो. हा हिशेब मी इतक्या वेळा मांडला आहे की मी तो कुणाला पटवतोय, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. त्या दिवशी होडीत दोर होता. मी तिच्याजवळूनच धावत गेलो होतो.

तेव्हापासून हा हट्ट. लोकांनी तो दोर ओझी बांधायला नेला, कपडे वाळत घालायला नेला, मी प्रत्येक वेळी नवा लावला. 'दोरवाला' म्हणून हसले. हसोत. पोहता येणं म्हणजे बुडणाऱ्याला आणता येणं नव्हे, हे त्यांना अजून कळलेलं नाही. तुला तरी कळू दे.

दोर नायलॉनचा नको, तो पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो. वीस मीटर पुरे. टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, आत पेलाभर पाणी, म्हणजे फेकताना वारा त्याला परत आणत नाही. तेवढ्या कॅनवर मोठ्या माणसाचंही तोंड पाण्यावर राहतं. तू तो मुलाच्या अंगावर फेकलास आणि पहिला नेम चुकला. त्याच्या खांद्यावरून पलीकडे फेकायचा, मग ओढत त्याच्या हातात आणायचा. फेकण्याआधी नाव घेऊन हाक मारायची. आणि स्वतः खाली बसायचं, जमलं तर आडवं व्हायचं. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही, नाहीतर ओढणारी तू नसतेस, बुडणारा असतो. दोर नसेल तर काठी, ओढणी, वल्हं, रिकामी घागर. आणि ११२ ला फोन दुसऱ्या कुणाला तरी बोट दाखवून करायला लावायचा. 'कुणीतरी करा' म्हटलं की कुणीच करत नाही.

एक चूक मात्र झाली. 'रात्री त्याला खोकला होता' असं तू सहज लिहून गेलीस. नाकातोंडात पाणी गेलेला मुलगा, खोकला थांबत नाही, आणि त्याला घरी झोपवलं? त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. फुप्फुसात गेलेलं पाणी पुढच्या काही तासांत त्रास देऊ शकतं. हे तुला सांगायचं राहिलं होतं, म्हणून आता ओरडतोय. माणूस बाहेर काढल्यावर श्वास घेत नसेल तर पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही. आधी तोंडानं पाच श्वास द्यायचे, मग ३० छातीदाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत.

बाकी विचारलंस त्याचं थोडक्यात. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर ते पाणी गुरांनाही नको. त्या शेवाळात विष असू शकतं, ते उकळूनही जात नाही. गडगडाट ऐकू आला की होडी काठाला आणायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात जायचं नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. दारू प्यायलेल्याला होडीत घेऊ नकोस, तो कुणीही असो, मामा असला तरी.

आणि उद्या सकाळी तो दोर बघ. उन्हात पॉलिप्रॉपिलीन कुजतं. तळहातावरून फिरव, पांढरी भुकटी लागली तर फेकून दे आणि नवा लाव. खुंटी काढून पाण्याजवळ ठोक. पाणी आणखी हटलं की पुन्हा हलव. आधी ठोकलेली जागा चुकीची होती, असं कुणी म्हटलं तर म्हण, हो, त्यांनीच कळवलंय.

तुझा,
दोरवाला